सेव्हन-बी

सकाळी प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा पॉवर सप्लाय गेला असेल असं वाटलं. तिथला कॉम्प्युटर उघडून पाहिला तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर टम्म फुगलेले. हार्ड डिस्क मात्र शाबूत. तिच्यावर विंडोज एक्सपी, आणि एक्सपीवर मोजमाप यंत्राचं सॉफ्टवेअर. त्याची सीडी कुणाकडेच उरली नव्हती. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला हे ठाऊक आहे हो. यंत्राला कुणी कळवलेलं नसतं.

डिस्कची प्रत काढली आणि दुसऱ्या कंपनीच्या, जरा नव्या मशीनला लावली. लोगो दिसतो न दिसतो तोच निळा पडदा. कोडच्या शेवटी सेव्हन-बी. म्हणजे विंडोज उठायला निघाली, पण डिस्कपर्यंत पोचवणारा ड्रायव्हरच तिला सापडेना. एक्सपीसोबत एएचसीआयचा, म्हणजे डिस्कशी बोलायच्या नव्या पद्धतीचा, ड्रायव्हर येत नाही, म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्रॅम) साटा मोड आयडीईवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर, आणला. तरी सेव्हन-बीच. तासभर मी उगाच केबल बदलत बसलो.

मग डोक्यात आलं. बूट होताना कुठल्या कंट्रोलरला, म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपला, कुठला ड्रायव्हर, याची यादी विंडोजच्या रजिस्ट्रीत, सगळ्या सेटिंग्जच्या दप्तरात, असते, आणि नव्या मशीनची चिप त्या यादीत नव्हतीच. डिस्क माझ्या मशीनला जोडली, तिची सिस्टिम फाइल रजिस्ट्री एडिटरमध्ये उघडली, क्रिटिकल डिव्हाइस डेटाबेसमध्ये, म्हणजे त्याच यादीत, नोंदी घातल्या, ड्रायव्हर बूट होतानाच चढावा म्हणून त्याची स्टार्ट व्हॅल्यू शून्य केली. परत लावली. सुरू!

पण लॉगिनपर्यंतच. आधी ॲक्टिव्हेट करा, मग आत या.

ही ओईएम, म्हणजे निर्मात्याने मशीनसोबतच दिलेली, विंडोजची प्रत होती. ती बायोसमध्ये निर्मात्याची खूण शोधते; सापडली तर ॲक्टिव्हेशनचा विषयही काढत नाही. इथे खूण परक्याची. "सर, क्रॅक टाकू का?" ॲक्टिव्हेशन चुकवणाऱ्या चोरट्या फाइलबद्दल सोबतच्या मुलाने विचारलं. दहा वर्षांपूर्वी मीच टाकला असता. पण या मशीनच्या आकड्यांवर लोक सही करतात, तिथे कुठून आलेली फाइल आत शिरली हे मलाच माहीत नाही, असं कसं चालेल? सेफ मोड ॲक्टिव्हेशनशिवाय उघडतो, त्यातून मोजमापाच्या जुन्या नोंदी तेवढ्या काढून घेतल्या.

दुपारी स्टोअरमध्ये शोधाशोध केली. मेलेल्या मशीनच्याच कंपनीचा एक जुना डबा निघाला, त्यावर एक्सपी प्रोफेशनलचं स्वतःचं स्टिकर. हे महत्त्वाचं, कारण कुलूप कंपनीच्या नावाला असलं तरी ओईएम परवाना त्या एकाच मशीनचा असतो. जुन्याचा परवाना जुन्याबरोबर गेला. प्रत लावली. ॲक्टिव्हेशनचा शब्दही नाही, थेट डेस्कटॉप.

मोजमापाचं सॉफ्टवेअर उघडलं तर ते डोंगल मागू लागलं, म्हणजे मशीनला खोचायची परवान्याची किल्ली. मेलेल्या मशीनच्या पाठीमागून डोंगल काढला आणि हसूच आलं. तो पॅरलल पोर्टचा, जुने प्रिंटर जोडायच्या रुंद पोर्टचा, होता. सकाळपासून ज्या नव्या मशीनशी झटत होतो, त्याला तो पोर्टच नव्हता.

या जुन्या डब्याला होता.