शोभेच्या झाडांपासून खायच्या बागेपर्यंत: आमची वाटचाल

आमची नर्सरी सुरू झाली ती शोभेच्या झाडांवर. आल्याच्या कुळातली झाडंही फुलांसाठीच ठेवलेली, पण घेणारा हमखास विचारायचा की हे खाता येतं का, आणि त्या प्रश्नानेच आमचा धंदा बदलला. या कुळातलं सगळंच खायचं नसतं, म्हणून ज्याची जात पक्की माहितीय त्यालाच आम्ही 'खाण्याचं' असा टॅग लावतो, यात तडजोड नाही.

पहिल्यांदा आंबेहळद चालली. कापली की कैरीचा वास येतो आणि तो कच्चं खाण्यातच टिकतो, म्हणून लोणचं, कोशिंबीर. मग गलंगल आणलं, आल्याच्याच कुळातलं, दिसतं आल्यासारखं पण कडक, चावायचं नाही, चकत्या रश्शात उकळून काढून टाकायच्या, नाहीतर लोक आल्यासारखं किसत बसतात आणि म्हणतात हे काय लाकूड दिलंत! तेव्हापासून प्रत्येक बेण्यासोबत (म्हणजे लावायच्या कंदासोबत) आम्ही रांधायची चिठ्ठी देतो आणि खरं सांगायचं तर धंदा वाढला तो या चिठ्ठीमुळेच, कारण ज्याला वापरायचं कसं ते कळलं तो दुसऱ्या सीझनला परत येतोच.

माझा सगळ्यात लाडका मियोगा, म्हणजे जपानी आलं. याचा कंद खात नाहीत, उन्हाळा सरता सरता खोडाशी जमिनीतून कळ्या डोकावतात, बोटाएवढ्या, गुलाबी-तपकिरी, त्या उमलायच्या आत काढायच्या आणि पातळ चिरून कच्च्याच वरून टाकायच्या. सावलीत खुशाल वाढतो, हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं तेव्हा मेला समजून कुंडी रिकामी करू नका, प्लीज! टॉर्च जिंजरचीही कळीच खायची, पण झाड दोन माणसं उंच होतं, त्याला जमीनच हवी.

आता जोडीला मायाळू, नस्टर्शियम (पानं-फुलं दोन्ही तिखट), गोकर्णही आहेत. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की जांभळं होतं, मुलं त्यासाठीच रोप मागतात.

बेणं पाठवताना डोळा फुगलेला बघूनच पाठवतो. माती भुसभुशीत ठेवा, पाणी साचलं की कंद सडलाच. आणि ऑर्डर देताना ऊन किती येतं, थंडी किती पडते, कुंडी केवढी आहे तेवढं कळवा, त्यावरून वाण आम्ही सुचवतो.