माहेरच्या नावाने शोधा

भाचीला कॉलेजात प्रकल्प मिळाला : वेंगुर्ल्याची डच वखार. अट एकच, निदान तीन संदर्भ छापील हवेत. "मावशी, नेटवरच्या पानाची प्रिंट काढली तर ते छापीलच झालं ना गो?" युक्ती मला मनापासून पटली. तिच्या सरांना पटली नसती.

म्हणून भर जुलैत आम्ही दोघी तिच्या ग्रंथालयात. ओला कागद, डांबराच्या गोळ्या आणि दाराशी निथळणाऱ्या छत्र्या, असा सगळा मिळून एक वास. कार्डांचे लाकडी खण दमटपणाने फुगलेले. 'स'चा खण ओढायला दोघींचं बळ लागलं. एवढं करून 'सिंधुदुर्ग'खाली मिळाला तो किल्ला. जिल्ह्याची दोन-चार कार्डं होती, पण सगळी अलीकडची.

शिपाईकाका बराच वेळ आमची कुस्ती बघत होते. "गो बाय, सिंधुदुर्गात कित्याक शोधतंस? रत्नागिरीत बघ मगे!"

खरंच की. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली. त्याआधीचं वेंगुर्लं, मालवण, देवगड सगळं रत्नागिरीच्या नावावर. रायगडवाल्यांचंही तेच, त्यांनी 'कुलाबा' बघायचं. माझ्या आजीला सासरी नवं नाव मिळून साठ वर्षं झाली, तरी माहेरची माणसं तिला जुन्याच नावाने हाक मारत. कार्डांचे खण त्या माहेरच्या माणसांतले.

'रत्नागिरी'खाली गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचं जुनं सरकारी पुस्तक, सापडलं. मुंबई इलाख्याचा दहावा खंड, १८८० चा, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी'. भाचीने थेट सावंतवाडीचा भाग उघडला. आम्हाला वाडीच जवळची ना! तिथे वेंगुर्लं नाही. कारण सावंतवाडी तेव्हा संस्थान, आणि वेंगुर्लं १८१२ मध्येच इंग्रजांकडे गेलेलं. म्हणजे या गावाची नावनोंदणी आधी वाडीत, मग रत्नागिरीत, आता सिंधुदुर्गात. गाव मात्र समुद्राकाठी होतं तिथेच. (रेशनकार्डावरचं नाव बदलताना आपली काय दमछाक होते, ते आठवलं.)

रत्नागिरीच्या भागात वेंगुर्लं मिळालं. पुस्तक संदर्भ विभागातलं, घरी न्यायचं नाही. झेरॉक्ससाठी उलटं दाबलं असतं तर कणाच मोडला असता. मग भाची बसली हाताने उतरवायला. बोटांना कागदाचा पिवळा भुगा. तासाभरात तिला मजकूर पाठ झाला होता, जे प्रिंट काढून कधीच झालं नसतं. शेवटी वर्ष, खंड, पान क्रमांक टिपून झाले. एक संदर्भ हाती आला, दोन बाकी.

'ड'च्या खणात डचांचं एकही कार्ड नव्हतं. ती हिरमुसली. तेवढ्यात मला जुन्या मराठी कागदांतला शब्द आठवला : वलंदेज. आपल्याकडे डचांना तेच म्हणत.

काका आपणहून उठले. 'व'चा खण तर 'स'पेक्षाही घट्ट बसला होता.