एक वीत कमी

बोट शेडमध्ये घेतली तेव्हा सगळे इंजिनाकडे बघत होते. साठ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक, झाकण पॉलिश मारून चकचकीत केलेलं. सातपूरला आमच्या वेल्डिंग शॉपमध्ये येतात त्या टाक्या, पॅनेल, टँकरची दुरुस्ती. बोट म्हणजे कौतुकच, त्यामुळे शेजारच्या प्रेस शॉपमधली पोरंही डबा अर्धवट टाकून आली होती. ट्रेलरकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नाही, आणि तेच अजून खटकतं.

घेणारे निफाडकडचे द्राक्ष बागायतदार. त्यांचे मेहुणे डहाणूला असतात. ऑगस्टमध्ये मासेमारीबंदी उठते, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र जरा निवतो. मग बोट त्र्यंबक-जव्हारमार्गे ओढत न्यायची आणि दहा-बारा नॉटिकल मैल आत जाऊन सुरमई, घोळ धरायची, असा बेत. बोट वापरलेली, 5.4 मीटरची. विकणारेही नाशिकचेच, आणि तेही सोबत आलेले. "व्यवहाराआधी एकदा वेल्डिंग तेवढं बघून द्या दादा," एवढंच काम होतं. अर्ध्या दिवसाचं.

विकणाऱ्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं, "विमानाचं ॲल्युमिनियम आहे, काळजीच नको." नाशिकमध्ये हे वाक्य खपतं. ओझरला एचएएल आहे, प्रत्येकाच्या ओळखीत तिथून निवृत्त झालेलं कुणीतरी असतं, आणि विमानाचं म्हणजे भारी असा समज पक्का. आमच्याकडचे काकाही तिथलेच. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अहो, तसं असेल तर आत्ताच परत न्या." विमानाच्या कातडीला वापरतात त्या 2024 ग्रेडमध्ये जवळपास 4 टक्के तांबं असतं. ताकद जबरदस्त, पण खाऱ्या पाण्यात उघडा राहिला तर पापुद्रे सुटतात, आणि नेहमीच्या वेल्डिंगने तडकतो. त्याला रिव्हेट मारतात ते उगीच नाही. समुद्राला लागतो 5083 नाहीतर 5086. त्यात तांबं नावापुरतं आणि मॅग्नेशियम 4 टक्क्यांच्या आसपास.

ग्रेड ओळखायला आमच्याकडे जुनी युक्ती आहे. 100 मिली पाण्यात 15-20 ग्रॅम कॉस्टिक सोडा. रंग घासून पत्रा उघडा करायचा, ॲसिटोनने पुसायचा, ड्रॉपरने एक थेंब टाकायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. हातमोजे आणि गॉगल लागतोच. तांबं असेल तर थेंबाखालचा पत्रा काळा पडतो, सिलिकॉन असेल तर राखाडी, आणि 5083 सारखा मॅग्नेशियमवाल्या 5000 मालिकेचा असेल तर पांढराच राहतो. 5052 आणि 5083 मधला फरक या थेंबाला कळत नाही. त्यासाठी लॅबमध्ये स्पेक्ट्रो, म्हणजे धातूचं पृथक्करण, करावा लागतो, म्हणजे बोटीचा तुकडा कापावा लागतो. मिलचं सर्टिफिकेट कुणी जपून ठेवलेलं नसतं. चार हजारांच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड लोक दहा वर्षं सांभाळतात, बोटीच्या पत्र्याचा कागद मात्र कुणी मागतही नाही.

बुडाचा पत्रा पांढरा राहिला. बाजूचाही. विकणारे हसले. घेणाऱ्यांनी विचारलं, "जाडी किती?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. अल्ट्रासोनिक गेजवर बुड 4 मिमी, बाजू 3 मिमी. या लांबीला चालण्यासारखं, समुद्रासाठी बुड 5 असतं तर बरं. पण पत्रा 4 चा असो की 5 चा, फाटतो तो जोडाशेजारी. 5083 चा एच116, म्हणजे समुद्रासाठी कडक केलेला पत्रा, नवीन असताना निदान 215 मेगापास्कल ताणाला वाकायला लागतो. वेल्डच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यात उष्णतेने तो मऊ होतो, तिथे 125 च्या आसपासचाच हिशोब धरायचा. म्हणून चांगला बोटबांधणारा वेल्ड कमी ताणाच्या जागी नेतो. वाईट बांधणारा नेमका कोपऱ्यावर आणतो.

तेवढ्यात काकांनी कुणाला न विचारता दुसरा थेंब टाकला. मागची उभी पाटी, जिच्यावर इंजिन लटकतं तो ट्रान्सम, जिथे बुडाला मिळतो त्या डाव्या कोपऱ्यातल्या वेल्डवर. शेजारचा पत्रा पांढरा आणि वेल्डची रेघ पाटीवरच्या पेन्सिलीसारखी राखाडी.

म्हणजे तिथे आधी दुरुस्ती झाली होती, आणि तीही 4043 च्या रॉडने, म्हणजे जोडात वितळवून भरतात त्या सळीने. 4043 मध्ये 5 टक्के सिलिकॉन असतं. तो गोड वाहतो, नवशिक्याचाही मणी, म्हणजे वेल्डची रेघ, देखणा येतो, म्हणून आपल्या एमआयडीसीत ॲल्युमिनियम म्हटलं की डोळे झाकून 4043 ओढतात. 6061 च्या पाइपाला तो ठीक आहे. 5083 ला लावला की पत्र्यातलं मॅग्नेशियम आणि रॉडमधलं सिलिकॉन एकत्र येऊन वितळीच्या कडेला ठिसूळ संयुग तयार होतं. वरून जोड सुंदर, आतून खाकरा. तिथे 5183 किंवा 5356 लागतो. रॉडच्या पुड्यावर नंबर छापलेला असतो, वाचायला पाच सेकंद लागतात.

मग डाय पेनिट्रंट केलं, म्हणजे लाल रंग मुरवून डोळ्याला न दिसणारा तडा शोधला. कोपरा क्लीनरने धुतला, लाल फवारला, दहा मिनिटं ठेवला, फडक्याने कोरडा पुसला आणि वर पांढरं डेव्हलपर. बाहेर पाऊस लागला होता आणि हवा इतकी ओली की डेव्हलपर वाळायला वेळ लागत होता. मग एक बारीक लाल रेघ उमटली, वेल्डच्या कडेला चिकटून, 70 मिमी. उजव्या कोपऱ्यात 25 मिमीची तिची धाकटी बहीण. तिथे तर दुरुस्तीही झाली नव्हती, कारखान्यातला मूळ वेल्ड होता. थेंबाखाली पांढराच राहिला.

इथे मी अडलो. रॉड चुकीचा म्हणून डावा कोपरा फुटला, मग योग्य रॉडचा उजवा का फुटावा?

काका वाकून बोटीखाली गेले आणि त्यांनी हाक मारली. ट्रेलरवर बोट ज्या दोन लांब लाकडी पट्ट्यांवर टेकते त्या ट्रान्समच्या एक वीत आधीच संपत होत्या. वीतभर बूड हवेत आणि त्याच्या टोकाला 110-120 किलोचं इंजिन. पाण्यात असताना बुडाला खालून सगळीकडे आधार असतो. जव्हारच्या रस्त्यावर खड्ड्यात चाक आदळलं की तेच इंजिन क्षणभर दुप्पट-तिप्पट वजनाचं होऊन कोपरा खाली ओढतं, मग वर उसळतं. दर खेपेला असे शेकडो हिसके. म्हणजे ही बोट समुद्राने मारली नव्हती, रस्त्याने मारली होती. लाकडं ट्रान्समच्या अगदी कडेपर्यंत, शक्यतो दोन बोटं पुढे हवीत, आणि इंजिन वर उचललेलं असेल तर त्याचा पाय आणि ट्रेलर यांच्यामध्ये टेकू हवा. दोन्ही नव्हतं. डावा कोपरा पहिल्यांदा फुटला तेव्हा कुणीतरी तो सांधला आणि त्याच ट्रेलरवर बोट परत ठेवली.

त्या लाकडांवर जाड कार्पेट होतं. ते सोललं तर खाली हिरवट लाकूड, वाळवीचं औषध मुरवलेलं. त्या औषधात तांबं असतं. कार्पेट खारं पाणी धरून ठेवतं, तांबं झिरपतं, आणि ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. बुडावर मूग मावेल असे पाच-सहा खड्डे मिळाले. पाणी काढायचा बुचा पितळी होता, त्याभोवती पांढरी भुकटी. ॲल्युमिनियमच्या बोटीत पितळ, तांबं, पडलेलं नाणं, वायरचा तुकडा काहीच राहता कामा नये. स्टेनलेस स्टीलचे बोल्टसुद्धा नायलॉनचं बुश आणि पेस्ट लावूनच बसवावे. बुडाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावतात तो तांब्याचा अँटीफाउलिंग रंग तर अजिबात नाही. दिव्याची वायर एकेरी होती, परतीचा करंट बोटीच्या अंगातूनच जात होता. हे समुद्रात म्हणजे बोट बॅटरीला जोडून विरघळवण्यासारखं आहे.

शेवटी इंजिन उतरवून बोट चेन ब्लॉकला टांगली आणि मध्ये क्रेनचा काटा लावला. कागदावर 430 किलो, काट्यावर 520. ते जास्तीचे 90 किलो म्हणजे डेकखालच्या फोमने प्यालेलं पाणी. बोट बुडू नये म्हणून भरलेला फोम स्पंजासारखा जड झाला होता, आणि आत कायम ओला राहून पत्राही कुजवत होता. डेकला ड्रिलने भोक पाडलं तर सळीला पाणीच लागलं.

घेणाऱ्यांनी विचारलं, "मग दादा, समुद्राला कसली घ्यायची?" मी सांगितलं ते असं. या लांबीला बुडाचा व्ही, म्हणजे मधल्या कण्यापासून बाजूंना जाणारा चढ, मागच्या बाजूला 18-20 अंश असावा. या बोटीचा 12 होता. धरणात ती स्थिर उभी राहते, पण लाटेवर पाठीचा कणा मोजून घेते. व्ही वाढला की इंजिन जास्त लागतं आणि थांबल्यावर बोट जरा डोलते, तेवढं सोसावं. डेक असा उंच हवा की सगळी माणसं आणि बर्फ मागे गोळा झाला तरी पाणी भोकांतून बाहेर जाईल, आत येणार नाही. हे विकत घेण्याआधी पाण्यात उतरवून, माणसं मागे उभी करूनच बघायचं. डेकखालचा फोम बघायला झाकण असावं. पंप दोन, बॅटऱ्या दोन. पेट्रोलचा हिशोब तिसऱ्या हिश्शाने: एक जायला, एक यायला, एक देवाला. हे इंजिन पूर्ण दाबलं तर तासाला 20 लिटरच्या घरात पितं. आणि घाट उतरून गेल्या गेल्या ट्रेलर पाण्यात घालायचा नाही. चाकाचा तापलेला हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी बेअरिंगमध्ये ओढलं जातं. अर्धा तास चहा प्यायचा, मग उतरवायची. हे त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं. लिहून घेतलं हे मला आवडलं.

त्यांनी बोट घेतली नाही. प्रश्न तो नव्हता.

ते गेल्यावर विकणारे थांबले. म्हणाले, "दादा, तुमच्याकडे बरोबरची वायर आहे ना? मग तेवढा कोपरा मारून द्या, उद्या घेऊन जातो." मी सांगितलं, उद्या होत नाही. आधी डेक कापून निदान फूटभर फोम काढायचा. तो पेटला तर विषारी धूर होतो, आणि ओला असेल तर वेल्डमध्ये हायड्रोजनची भोकं पडतात. मग 4043 चा कणन्‌कण कार्बाइडच्या बरने, म्हणजे फिरत्या कटरने, खरवडायचा आणि कॉस्टिकचा थेंब पांढरा राहीपर्यंत थांबायचं नाही. तड्याच्या टोकाला भोक मारायचं, ॲसिटोन, फक्त ॲल्युमिनियमसाठी ठेवलेला स्टेनलेस स्टीलचा ब्रश, 5183 ची वायर, तुकड्या-तुकड्यांनी वेल्ड. आतून आधाराची पट्टी, तीही गोल कोपऱ्यांची. पुन्हा लाल रंग. आणि त्याआधी ट्रेलरची लाकडं बदलायची. चार दिवस. ते म्हणाले, "ट्रेलर कशाला? तडा बोटीला आहे."

मी नाही म्हणालो. अर्धवट काम करायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. बोट गेली.

काकांनी दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं टाळलं. मग म्हणाले, "आपण नको म्हटल्याने काम थांबत नाही. दुसऱ्याकडे जातं आणि 4043 वर आणखी 4043 चढतो." मी म्हणालो, फोम न काढता मारला असता तर आपलाही जोड तसाच झाला असता. ते म्हणाले, "निदान लाकूड तरी बदललं असतं. ते तर आपल्याकडे पडलंय, अर्ध्या तासाचं काम. पैसे न घेता केलं असतं." ते मला सुचलंच नव्हतं. मी वेल्डरसारखा विचार करत होतो.

पंधरा दिवसांनी त्र्यंबक रोडला पपया नर्सरीच्या सिग्नलला माझ्या पुढे तीच बोट उभी होती. ओढणारी गाडी दुसरी, माणसंही दुसरी, मागच्या सीटवर दोन लहान मुलं. कोपऱ्यावर ताजा निळा रंग. मी खाली बघितलं. लाकूड वीतभर आधीच संपत होतं. हॉर्न वाजवून त्यांना थांबवायचं की नाही हे ठरायच्या आत सिग्नल सुटला आणि ते त्र्यंबकच्या दिशेने गेले.