गुऱ्हाळावरचा ग्लुकोमीटर

आबांची फाईल आमच्या दवाखान्यात सगळ्यांना पाठ आहे. पावसाळ्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) साडेसातच्या आत, आणि संक्रांत उलटली की नवाच्या वर. दरवर्षी हेच. त्यात कोडं असं काही नव्हतं, आबा गुळव्या आहेत. करवीर तालुक्यातल्या त्यांच्या गुऱ्हाळावर दिवाळीनंतर चुलवाण पेटलं की उन्हाळ्यापर्यंत आबा ना वेळेवर जेवतात, ना तपासणीला येतात. यंदा जानेवारीत ९.४ आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "ते यायचे नाहीत. तुम्हीच एकदा जाऊन बघून या, दिवसभर तोंडात काय काय जातं ते."

मी आहारतज्ज्ञ. ग्लुकोमीटर, पट्ट्या आणि वही घेऊन सकाळीच गुऱ्हाळावर पोचले. पोचल्या पोचल्या रसाचा ग्लास पुढे आला. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस न देता पाठवणं म्हणजे घरी आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं. त्या ग्लासात पाच-सहा चमचे साखर असते, हे मी मनातच ठेवलं आणि अर्धा ग्लास घेतला.

आबांचं काम बघत राहावं असं. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते. भेंडीचं चिकट पाणी घालून ती गोळा करायची, झाऱ्याने काढून टाकायची. मग पाक दाटतो, रंग पालटतो, बुडबुडे बदलतात. आबा पळीभर पाक घेऊन गार पाण्यात सोडतात, बोटांनी चाचपतात. गोळी नीट बसली की हाक देतात आणि चार गडी काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या हौदात, ओततात. हल्ली यासाठी थर्मामीटर मिळतो, पण आबांचा त्यावर काडीचा विश्वास नाही. आणि ती पाण्यातली गोळी बघून झाली की हमखास तोंडात जाते.

"बोटानं कळतंय तर खाताय कशाला?"

"सवय हो. चाखल्याबिगर हात सुटत न्हाई."

मी हिशोब करून पाहिला. त्या पाकाच्या गोळ्या खरं तर फार नव्हत्या. खरा घोळ भलताच होता. आबा पहाटे साखर उतरवायची गोळी घेत. ग्लिमेपिराईड ही अशी गोळी आहे, की ती पोटात गेली की पाठोपाठ अन्न जायला हवं. पण पहिलं आधण उतरेपर्यंत आबांना उसंत नसे. आठ-साडेआठला हातपाय कापायचे, घाम फुटायचा. मग समोर असेल तो रस, तांब्याभर. म्हणजे आधी गोळीने साखर पाडायची आणि मग रसाने आभाळाला भिडवायची. त्यावर काकवी-भाकरीची न्याहारी आणि दिवसभर गुळाचा चहा. "साखर बंद केली मॅडम, गुळाचा पितोय," हे ते अभिमानाने सांगत होते. कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे. पण रक्तातल्या साखरेला गूळ आणि साखर यांतला फरक जवळजवळ कळत नाही.

अकराला मोजली तर २८७.

पायही बघितले. अनवाणी माणूस, समोर वाफा, खाली तापलेली जमीन. उजव्या अंगठ्याखाली भाजल्याचा फोड होता, फुटून चिघळायला आलेला. आबांना पत्ताच नव्हता. मधुमेहाने पाय बधिर झालेले, दुखलंच नाही तर कळणार कसं? त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलं. पायात चप्पल घालायला लावणं मात्र मला पथ्य पटवण्यापेक्षा जड गेलं.

यंत्र बघून गडीही गोळा झाले. "आमचंबी बगा की." पट्ट्या पुरेशा होत्या, म्हटलं बसा रांगेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशभरच्या पाहणीत मधुमेही १० कोटींवर निघाले, आणि पूर्वमधुमेही, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे, त्याहूनही जास्त. अशा ठिकाणी बोट टोचलं की कुणी ना कुणी सापडतोच. ऊस घाण्यात घालणाऱ्या एका तरण्या पोराची साखर वर निघाली. त्याला दवाखान्याचा पत्ता दिला.

दोनच्या सुमाराला आबांची सून स्कूटीवरून डबा घेऊन आली. वय एकतीस. डबा उघडला आणि मी खूश झाले. ज्वारीच्या दोन भाकरी, मटकीची उसळ, मेथी, काकडी, ताक. सगळं मी लिहून दिल्याप्रमाणे. माझा कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे म्हणे. पीठ ती वाटीने मोजून घेते, तेलाची पळी ठरलेली. "भाकरी म्हणजे कितीबी चालती असं मामंजी म्हणायचे, आता दोनच देते," तिने सांगितलं. बरोबरच होतं. ज्वारी झाली तरी ते पिठूळ अन्नच, जाडजूड दोन भाकऱ्यांत पोटभर पीठ जातं.

"तुम्ही जेवलात?"

"न्हाई अजून. घरी जाऊन जेवीन."

दुपारचे दोन वाजून गेले होते. सहज म्हणून तिचं बोट पुढे घ्यायला लावलं. "माझं काय बगताय, मला काय झालंय?" म्हणत तिने दिलं. सकाळच्या चहा-खारीवर होती. आकडा आला २१४. बोट धुऊन परत केलं. २०९.

गुळाचा हात लागला असेल, असं कुणीतरी म्हणालं. हात आता स्वच्छ होता. मी तिला बाजूला, चिपाडाच्या ढिगाकडे घेऊन गेले आणि विचारायला लागले. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. "पोराला उठवायला उठते तवा जाऊन येते." तहान? "राबल्यावर लागतीच की." खाज? यावर ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, दोन-तीन महिने झाले, मेडिकलमधून मलम आणते. घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मग खरी गोष्ट निघाली. धाकटा तीन वर्षांचा. त्याच्या वेळी सातव्या महिन्यात साखर वाढली होती, पोटावर इन्सुलिनची सुई घ्यायची. बाळंत झाल्यावर साखर उतरली, सुई बंद झाली. पुन्हा तपासायचं असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईची बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत ग्लुकोज पाजून तपासणी करायची असते, आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी. कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. पण बाळाच्या लसीची तारीख घरातल्या सगळ्यांच्या लक्षात असते. आईच्या तपासणीची तारीख कुठे लिहिलेलीच नसते.

ती काय खाते, ते मी वहीत लिहून घेतलं. भाकऱ्या मोजून होतात. आबांना दोन, नवऱ्याला तीन, सासूबाईंना दीड. सगळ्यांचं होऊन भांडी आवरली की तीन वाजता ती बसते, तेव्हा टोपात भात असतो आणि आमटी. उसळ संपलेली असते. पोरांच्या ताटातलं उरलेलं आणि सकाळचा शिळा भातही तिच्याच वाट्याला. "वाया कशाला घालवायचं?" आबांसाठी मी आखलेलं पथ्य अख्ख्या घरात नीट कळलेली ती एकटीच, आणि घरात ते खात नसलेलीही ती एकटीच. आमच्या छापील कागदावर वर 'रुग्णाचे नाव' अशी एकच ओळ असते. घरात शेवटी कोण जेवतं, हे विचारायला त्यावर जागाच नाही.

प्रयोगशाळेत तिची साखर उपाशीपोटी १४८, जेवणानंतर दोन तासांनी २४६, तीन महिन्यांची सरासरी ८.१. शंका उरली नाही. डॉक्टरांनी तिला मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध सुरू केलं. आबांची पहाटेची गोळी न्याहारीसोबत नेली, आणि कापरं भरलं तर आधी मोजायचं, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटं थांबून परत मोजायचं, हे त्यांच्याकडून घोटून घेतलं. तांब्या बंद.

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी बसलो, सगळे जण. सासूबाईंना पटेना. "आमच्यात म्हाताऱ्यांना व्हतंय हे. एवढ्याशा पोरीला?" मग मी कुणाचंच वेगळं पथ्य लिहिलं नाही. सगळ्यांना एकच स्वयंपाक. आधी काकडी-मुळा, भाजी, उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि वाटीभरच. भाजीची आणि उसळीची भांडी मोठी, भाताचं टोप लहान. सकाळी खारीऐवजी अंडं किंवा मोडाची मटकी. रात्रीचं जेवण आठच्या आत. सणाला पुरणपोळी खुशाल करा, पण त्या जेवणात भात नको. पोळी एक, कटाची आमटी हवी तेवढी. चहाला गूळही नाही आणि साखरही नाही, यावर आबा अर्धा तास भांडले. शेवटी दिवसातून एका कपावर तडजोड झाली.

खरा वाद लागला तो वेगळ्याच गोष्टीवरून. सुनेने सगळ्यांबरोबर पंगतीला बसायचं, असं मी म्हटलं. मग वाढणार कोण? नवरा म्हणाला, मधे ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं. सासूबाई गप्प झाल्या, म्हणजे कबूल झाल्या नाहीत, एवढंच. चालायचं म्हटल्यावर त्या परत उसळल्या, "दिसभर राबतीय, आणि चालायचं कशाला?" रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं दोघं नवरा-बायको कालव्याच्या कडेने चालतात. गावात हसतात म्हणे.

तीन महिन्यांनी तिची सरासरी ६.९ आली, आबांची ८.३. आबांचं खापर अजून पाहुण्यांवर आहे, रस दिला की सोबत घ्यावाच लागतो म्हणतात. पुढच्या हंगामात ते ताकाचा ग्लास घेऊन बसणार आहेत. बघू.

मागच्या आठवड्यात ती पुन्हा आली, तेव्हा सोबत नणंद होती, सहा महिन्यांची गरोदर. "हिची ती ग्लुकोज पाजून करत्यात ती करा." ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतलं. १४० पासून पुढे आकडा गेला की गरोदरपणातला मधुमेह धरतात, हिचा १५२ आला. नणंद रडायला लागली. सुनेने पिशवीतून माझा जुना कागद काढला, आधी भाजी-उसळ आणि भात शेवटी ते तिला बोट ठेवून दाखवलं, आणि मला विचारलं, "बाळंत झाल्यावर हिची परत तपासणी कधी, ते ह्याच्यावर लिवून द्या."