तुम्ही विचारलंत म्हणून : भूशास्त्राच्या पदवीतून खनिजशोधाकडे

बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतले तर खाणीत नोकरी लागते का, हा प्रश्न मला नागपुरात पालकही विचारतात आणि विद्यार्थीही. त्यातला ‘खाणीत’ हा शब्द मी आधी बाजूला काढतो. खाण चालवणे हे मायनिंग इंजिनिअरचे काम आहे. खाण काढण्याजोगे धातुक, म्हणजे धातू मिळवता येईल असा खडक, जमिनीखाली आहे का, असल्यास किती खोल आणि कोणत्या प्रतीचे, हे त्याच्या कितीतरी आधी ठरवणे हे आम्हा भूवैज्ञानिकांचे. आम्ही तपासलेल्या बहुतेक जागी खाण कधीच होत नाही, आणि ‘येथे काही नाही’ असा अहवाल पुराव्यानिशी लिहिणे हेही याच कामात मोडते.

केवळ बी.एस्सी.वर थांबू नये, असे मी स्पष्ट सांगतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक म्हणून जाण्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची संयुक्त भूवैज्ञानिक परीक्षा (कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट) द्यावी लागते आणि तिला पदव्युत्तर पदवी लागते. त्याच परीक्षेतून भूभौतिकी आणि रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थीही निवडले जातात, हे अनेकांना ठाऊक नसते.

पदवीचा खरा उपयोग कुठे होतो, हे मला पहिल्याच वर्षी कळले. मनसर, कांद्रीपासून पुढे बालाघाटपर्यंत मॅंगनीजचा जो पट्टा आहे, त्यातले सौसर समूहाचे खडक अनेकदा घड्या पडलेले आहेत. त्यामुळे धातुकाचा एकच थर एका बोअरहोलमध्ये, म्हणजे ड्रिलने पाडलेल्या खोल भोकात, दोनदा लागू शकतो आणि नवखा माणूस ते दोन थर समजतो. माझी चूक याहून साधी होती. उभ्या बोअरहोलमधून सलग 10 मीटर धातुकाचा कोअर, म्हणजे ड्रिलने कापून वर काढलेला खडकाचा दंडगोल, आला आणि मी आनंदाने थराची जाडी 10 मीटर लिहिली. वरिष्ठांनी काही न बोलता कोनमापक माझ्या हाती दिला. थराचा उतार 60 अंशांचा होता, म्हणजे कोअरच्या अक्षाशी थर 30 अंशांचा कोन करत होता, आणि 30 अंशांची साइन अर्धी असल्यामुळे खरी जाडी 5 मीटरच भरत होती. दहावीतल्या त्या त्रिकोणमितीने कागदावरचा निम्मा साठा नाहीसा केला. तो आकडा तसाच पुढे गेला असता, तर नसलेल्या धातुकावर कुणीतरी पैसे घातले असते. याची जाणीव मला आजही अस्वस्थ करते.

कोअर रिकव्हरीचेही तसेच. 3 मीटर ड्रिलिंग करून पेटीत 2.4 मीटर कोअर आला, तर रिकव्हरी 80 टक्के लिहायची. हरवलेला तुकडा दोन्ही बाजूंच्या तुकड्यांसारखाच असेल, असे धरून चालायचे नाही, कारण मऊ, भुसभुशीत खडकच पाण्याबरोबर आधी वाहून जातो आणि कधीकधी नेमका तोच महत्त्वाचा असतो.

म्हणून महाविद्यालयाची फील्ड ट्रिप सहलीसारखी घालवू नका, असे मी विद्यार्थ्यांना कळकळीने सांगतो. उन्हात उभे राहून ब्रंटनने (भूवैज्ञानिकाच्या होकायंत्राने) घेतलेले नती आणि नतिलंबाचे, म्हणजे थराच्या उताराचे आणि त्याच्या आडव्या दिशेचे, माप वर्गात शिकता येत नाही. कुणी नोकरीविषयी सल्ला मागायला आले, की मी गुणपत्रिकेआधी त्यांची फील्डची वही मागतो. दोन खडकांमधली सीमा मातीखाली झाकलेली होती, तिथे नकाशात रेघ अंदाजाची म्हणून तुटक काढली आहे की पाहिल्यासारखी ठाम, हे मी पहिल्यांदा पाहतो.