ओळखलं का मला?

काल विसर्जनाला पाहुणे आले होते. आल्या आल्या जो तो आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, तोंडासमोर वाकून विचारायचा, "ओळखलं का मला? सांगा बरं कोण?" आत्याबाई हसल्या, पदर सावरला, "या, बसा, चहा घ्या" म्हणाल्या. नाव आठवत नव्हतं, पण दारी आलेल्याला बसा म्हणायचं हे त्या विसरल्या नव्हत्या. तरी प्रश्न काही थांबेनात. शेवटी त्या गप्प झाल्या आणि पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या. मला फार लागलं. घरातल्या थोरल्या बाईची अशी परीक्षा कशाला घ्यायची? आपणच सांगावं, "आत्या, मी औशाची, तुमच्या भावाची सून." एवढं सांगितलं तरी त्यांचा जीव भांड्यात पडतो.

गावात 'म्हातारचळ' म्हणतात आणि विषय संपवतात. लातूरच्या डॉक्टरांनी आधी बी-१२ आणि थायरॉईड तपासलं, कारण त्यात बिघाड असला तरी विसर पडतो आणि तो औषधानं सुधारू शकतो. आत्याबाईंचं तसं नव्हतं, अल्झायमर निघाला. साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून जास्त माणसांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, असा देशातला अंदाज आहे; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार. म्हणजे आमच्या एवढ्याशा गावातही अशी बरीच घरं असणार. दारं लावून बसलेली.

दिवस मावळला की त्यांची घालमेल सुरू होते. या आजारात ती पुष्कळांची होते. काल तर रात्रभर ढोल वाजत होते. सगळे झोपल्यावर त्या उठल्या आणि माझा हात ओढायला लागल्या. "आत कामून निजलाव? लेकरं घ्या, भाईर चला, माळवद पडंल!"

मला लगेच उमगलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. तेव्हाही विसर्जन उरकून, दमून लोक झोपले होते. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. हजारो माणसं त्याखाली गेली. त्यांत आत्याबाईंची धाकटी जाऊही होती. आम्ही राहतो ते घर पुनर्वसनातलं आहे, याला माळवदच नाही, पण ते मध्यरात्री सांगून काय होणार? भीती तर खरी होती. मी म्हटलं, "चला आत्याबाई, लेकरं घेतली." ओसरीत बाज टाकली, मच्छरदाणी लावली, पोरांना उठवून शेजारी निजवलं. त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून पोरं मोजली, मग परत पहिल्यापासून मोजली. तेव्हा कुठे आडव्या झाल्या.

झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांना मागेच विचारलं होतं. तिनं तोल जाऊन पडायची भीती वाढते, म्हणाले. त्यापेक्षा मला ओसरी बरी.

सकाळी जावेची चौकशी सुरू झाली. "ती गेली" म्हटलं की त्यांना ते दर वेळी नव्यानं कळतं आणि त्या नव्यानं रडतात. ते दुःख रोज कशाला द्यायचं? मी विचारलं, "त्या भाकरी कशा करायच्या हो?" "लई पातळ! माझ्यावानी कुणालाच येत नव्हत्या," म्हणत काठवट पुढं ओढली, पीठ मळलं, थापायला लागल्या. कड कुठंही चिरली नाही. चुलीपाशी मी बसले, थापायला त्या. त्यांना काम लागतं, आणि ते नुसतं मन रमवायला दिलेलं असेल तर त्या बरोबर ओळखतात. आज त्यांची भाकरी सगळ्यांनी खाल्ली.

टॉम किटवुड नावाचे इंग्लंडमधले एक अभ्यासक होते. आजाराआधी माणूस बघा, हे त्यांचं म्हणणं. माणसाच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणं, घाई करणं, लहान पोरासारखं वागवणं यानंही हे लोक खचतात, आणि करणाऱ्यांच्या मनात वाईट नसतं, असं त्यांनी १९९७ च्या पुस्तकात मांडलं. कालच्या पाहुण्यांच्या मनातही वाईट काही नव्हतं. म्हणून दिवाळीला येणाऱ्या सगळ्यांना आजच फोन केले. आधी आपलं नाव सांगा, मग पाया पडा, आणि एका वेळी एकानंच बोला.

नणंद म्हणाली, "वहिनी, तू दमलीस, पंधरा दिवस आईला मी नेते." दमले आहे, खरंच. पण नवं घर, नवं न्हाणीघर, रात्री उठल्यावर दार कुठल्या बाजूला हेही कळायचं नाही त्यांना. मी म्हटलं, "ताई, त्यांना नका नेऊ, तुम्हीच या. त्या पंधरा दिवसांत मी माहेरी जाऊन येते." ती हो म्हणाली आहे. भूकंपाचं मात्र तिला आधी नीट सांगून ठेवायला हवं, म्हणजे रात्री त्यांनी हात ओढला की ती उठून बाहेर येईल.