फिटरचा हात आणि ४० मायक्रॉनचा रंग

भोसरी, चाकण, अंबड, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीत काम केलेल्या फिटर-टर्नरला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. मटेरियल एकदा काढलं की परत लावता येत नाही. जॉब अंडरसाइज झाला की रिजेक्शनच्या पेटीत. कार डिटेलिंगमध्ये, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई, पॉलिश आणि कोटिंग करण्याच्या धंद्यात, नव्याने उतरणाऱ्या बहुतेकांना नेमकं हेच माहीत नसतं. म्हणून वर्कशॉप सोडून या धंद्यात यायचा विचार करणाऱ्यांना मनापासून सांगतो: चार व्हिडिओ बघून बफिंग मशीन घेतलेल्या माणसाच्या तुम्ही आधीच पुढे आहात. फक्त तो हात इथे कसा वापरायचा हे समजून घ्या.

कंपनीतून येणाऱ्या गाडीवर रंगाचे थर असतात. पत्र्यावर ई-कोट (गंज रोखणारा पहिला थर), मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून साधारण ९० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. मायक्रोमीटरच्या थिंबलवरची एक रेघ म्हणजे ०.०१ मिलिमीटर, म्हणजेच १० मायक्रॉन. थिंबल चार रेघा फिरवा. तेवढ्यात अख्खा क्लिअर कोट संपला. माणसाचा केससुद्धा त्याहून जाड असतो. कटिंग कंपाउंडचा (रंग घासून ओरखडे काढणाऱ्या खरखरीत पॉलिशचा) एक हात यातले २ ते ५ मायक्रॉन खातो. उन्हापासून रंग वाचवणारे घटकही याच थरात असतात, त्यामुळे गाडीच्या उभ्या आयुष्यात यातला पाव भागही काढू नये असं मी मानतो.

रंगाची जाडी मोजणाऱ्या पेंट थिकनेस गेजशिवाय कुणाच्याही गाडीला मशीन लावू नका. गेज झिरो प्लेटवर आणि सोबत मिळणाऱ्या शिमवर (ठरावीक जाडीच्या पट्टीवर) रोज तपासून घ्या. ही सवय तुम्हाला आहेच. लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही मोजणारा गेज घ्या, कारण काही गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं. साधा गेज प्लॅस्टिकच्या बंपरवर चालत नाही. प्रत्येक पॅनलवर पाच ठिकाणी रीडिंग घ्या. २०० च्या वर आकडा गेला तर पॅनल बहुधा पुन्हा रंगवलेलं आहे, ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी आहे असं धरा. काही पर्ल रंग कंपनीतूनच जाड येतात, म्हणून एका पॅनलवर निकाल देऊ नका, शेजारच्या पॅनलशी ताडून बघा. आणि लक्षात ठेवा, गेज सगळ्या थरांची बेरीज सांगतो, क्लिअर कोट किती उरलाय ते सांगत नाही. १२० दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. आधी कुणी दोनदा रबिंग मारलेलं असेल तर त्यातला क्लिअर कोट २० वरही आलेला असू शकतो.

सेकंडहँड घेतलेल्या गाडीचा दरवाजा रंगवलेला आहे हे कित्येकदा मालकालाच माहीत नसतं. काम सुरू करण्याआधी त्याला शेजारी उभं करून आकडा दाखवा, जॉब कार्डावर लिहा, सही घ्या. काम झाल्यावर हेच सांगितलं तर तो दोष तुमच्या माथी येतो.

पॉलिशने जी जाळी काढायची, म्हणजे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे गोल ओरखडे, ती बहुतेक धुताना आणि पुसताना पडलेली असते. वॉचमनच्या ओल्या फडक्याने, एकाच बादलीतल्या मातकट पाण्याने. म्हणून धुण्याचं काम पोऱ्यावर सोडून मशीन तेवढं आपण धरायचं, हे गणित उलटं आहे. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार. आधी चाकं, त्यांची बादली आणि ब्रश वेगळा. मग पॅनलवर फोम, चार-पाच मिनिटं थांबून प्रेशरने खाली. फोम वाळू द्यायचा नाही. मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची, दोन्हींच्या तळाला ग्रिट गार्ड (माती खालीच अडवणारी जाळी). मायक्रोफायबर मिट (धुण्याचा हातमोजा) वरून खाली सरळ रेघेत फिरवायचा आणि प्रत्येक पॅनलनंतर साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचा. जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी रंगाला लागता कामा नये. मायक्रोफायबर सुती कपड्यांबरोबर धुवू नका आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात घालू नका, तंतू बुजतात.

एमआयडीसीत पार्क होणाऱ्या गाड्यांचा एक खास रोग असतो. ग्राइंडिंग आणि फेटलिंगची (कास्टिंग साफ करतानाची) बारीक लोखंडी धूळ रंगात रुतते, तिथेच गंजते, आणि पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके दिसतात. धुऊन वाळवलेल्या पॅनलवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, रवा पसरल्यासारखी खरखर लागेल. यावर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडी कण विरघळवणारं रसायन, मारायचं. तीन-चार मिनिटांत जांभळे ओघळ उतरायला लागतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाळायच्या आत धुऊन टाका. उरलेलं क्ले बारने (कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने), भरपूर वंगण मारून, हलक्या हाताने. क्लेची वडी हातातून पडली तर ती फेकून द्या, कितीही महाग असो. एकच कण पूर्ण बॉनेटवर रेघा ओढतो.

आता मशीन. नवशिक्याने रोटरी (एकाच अक्षावर फिरणारं) घेऊ नये, १५ मिमी थ्रोचं ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता १५ मिमीच्या घेरात डोलणारं) घ्यावं. त्याच्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ मारा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. मशीन थरथरतंय पण रेघ जागेवर उभी आहे, याचा अर्थ पॅड फिरत नाही: तुम्ही दाब जास्त दिलाय किंवा पॅड तिरका धरलाय. तेव्हा कापणं बंद होतं आणि फक्त उष्णता वाढते. ही रेघ म्हणजे तुमचा डायल इंडिकेटर समजा.

पहिल्यांदा बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन टेपने आखा आणि सगळ्यात सौम्य जोडी, म्हणजे मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिश, लावून बघा. जाळी गेली तर तेवढंच पुरेसं आहे. नाही गेली तरच एक पायरी वर चढा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, कमी वेगावर पसरवा, मग वेगाच्या चार किंवा पाच नंबरवर आडवे-उभे चार ते सहा पास. हात सेकंदाला एक-दीड इंच सरकावा. घाई केली की काम होत नाही, आणि काम झालं नाही म्हणून माणूस दाब वाढवतो. बहुतेक गाड्या इथेच बिघडतात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा एअरने साफ करा. भरलेला पॅड तापतो. एका गाडीला सहा-आठ पॅड लागतात, दोनवर निभावून नेऊ नका. कडा आणि बॉडी लाइनवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे टेप लावा. प्लॅस्टिक बंपर उष्णता धरून ठेवतो, त्यावर रंग जळायला वेळ लागत नाही. पॅनलवर हात ठेववत नसेल तर थांबा. पांढऱ्या पॅडवर गाडीचा रंग उतरलेला दिसला तरही थांबा: एक तर ते सिंगल स्टेज पेंट (वर क्लिअर कोट नसलेला रंग) आहे, नाहीतर क्लिअर कोट संपला आहे.

डेंटर-पेंटरच्या धंद्यातून येणाऱ्यांनी एक सवय सोडावी लागेल. लोकरी पॅड, रोटरी आणि तेलकट कंपाउंड यांची चमक संध्याकाळी डोळे दिपवते. पण ते तेल ओरखडे बुजवतं, काढत नाही. दोन धुण्यांत जाळी परत येते आणि वर मशीनचे होलोग्राम (फिरत्या पॅडच्या खुणा) उन्हात नाचतात. म्हणून प्रत्येक चौकोन आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या १५-२० टक्के मिश्रणाने पुसून, टॉर्च तिरपा धरूनच तपासा.

पाण्याकडे दुर्लक्ष करणारे पहिल्या उन्हाळ्यातच अडकतात. बोअरचं पाणी जड असतं. गाडी वाळली की कॅल्शियमचे पांढरे गोल ठिपके उरतात, काळ्या गाडीवर ते आठवडाभरात रंगात चावतात. इथे एक गैरसमज आहे. वॉटर सॉफ्टनर बसवला म्हणजे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कमी झाला असं नव्हे. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, टीडीएस मीटरचा आकडा जवळपास तोच राहतो, मात्र ठिपके सहज पुसले जातात. ठिपकेच नको असतील तर शेवटचं धुणं आरओच्या, ५० पीपीएमच्या खालच्या पाण्याने करा. एका गाडीला फवारणी पंपाने १०-१५ लिटर पुरतं. टंचाईच्या महिन्यांत हलकी धूळ बसलेल्या गाड्यांसाठी रिन्सलेस वॉश (नंतर पाण्याने धुवावं न लागणारं द्रावण) वापरा: १ ला २५६ म्हणजे १० लिटरला ४० मिली. चिखलाच्या गाडीवर हा प्रयोग नको.

सिरॅमिक कोटिंगमध्ये, म्हणजे रंगावर बसवायच्या पारदर्शक टणक थरात, पैसा आहे, म्हणून थापाही इथेच जास्त आहेत. नाइन एच हा पेन्सिलीच्या कडकपणाचा आकडा आहे. त्याने दगडाचा टवका थांबत नाही, किल्लीचा ओरखडा थांबत नाही. कोटिंगने पाणी आणि घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, उन्हाचा मारा थोडा कमी होतो. ग्राहकाला एवढंच सांगा. दोन फुटांच्या चौकोनात आडवं-उभं लावा, इंद्रधनुष्यासारखी झाक आली की पुसा. दमट हवेत ही झाक लवकर येते, त्यामुळे मुंबई-कोकणात पावसाळ्यात चौकोन निम्मा करा. पुसायचा राहिलेला गडद डाग पहिल्या तासाभरात त्याच कोटिंगच्या ओल्या कापडाने निघतो. दुसऱ्या दिवशी तो पॉलिशनेच काढावा लागतो. वापरलेलं कापड वाळून काचेसारखं टणक होतं, ते धुऊन परत वापरायचं नाही. २४ तास पाणी नको, सात दिवस शाम्पू नको.

आतल्या सफाईत दोनच ठिकाणी मोठं नुकसान होतं. छताचं कापड गोंदावर चिकटवलेलं असतं. जास्त ओलं केलं किंवा स्टीम एका जागी धरली की ते पोटासारखं लोंबतं. त्यावर फेस कापडावर घेऊन टेकवायचा, घासायचं नाही. दुसरं म्हणजे सीटखाली पिवळ्या वेष्टणातल्या एअरबॅगच्या वायरी आणि कार्पेटखालचं हार्नेस (वायरींचा जुडगा). तिथे पाणी ओतायचं नाही.

शेडमध्ये प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम आणि पॉलिशर एकाच साध्या एक्स्टेंशनवर दिसले की काळजाचा ठोका चुकतो. २.५ चौरस मिमी वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या पोराचा जीव यावर अवलंबून आहे. सांडपाण्यासाठी गाळाचा खड्डा आणि तेल अडवणारा चेंबर सुरुवातीलाच बांधा.

दर ठरवताना शेजारच्याकडे बघू नका, सायकल टाइम, म्हणजे एका गाडीला लागणारा वेळ, काढा. समजा भाडं १२,०००, मदतनीस १५,०००, वीज-पाणी ३,०००, मशीनची झीज ४,००० आणि स्वतःचा पगार २५,०००. महिना ५९,००० झाले. २५ दिवस आठ तास म्हणजे २०० तास, पण गाडीची वाट बघणं, फोन, सामान आणणं वजा जाता बिल होणारे तास ११० च्या आसपास राहतात. म्हणजे तासाला ५३६ रुपये. हॅचबॅकचं एका पायरीचं पॉलिश धुण्यापासून तपासणीपर्यंत सात तासांचं काम आहे: ३,७५२ आणि मटेरियलचे ६००. समोरचा १,५०० मध्ये रबिंग-पॉलिश देत असेल तर तो हे काम करत नाहीये, दोन तासांत तेल भरतोय. त्याच्याशी दरावर भांडू नका, टॉर्च लावून ग्राहकाला अर्धं बॉनेट दाखवा. स्वतःचा पगार खर्चात न धरणं ही नोकरीतून आलेल्यांची सगळ्यात महाग चूक असते.

कागदपत्रं फार नाहीत. मोजकीच माणसं असतील तर महाराष्ट्रात गुमास्त्याची ऑनलाइन सूचना पुरते, उद्यम नोंदणी फुकट होते, आणि सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते.

राजीनाम्याआधी तारखा बघा. कायम कामगाराची सलग पाच वर्षं पूर्ण व्हायला चार-सहा महिने उरले असतील तर थांबा, दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी सोडण्यात शहाणपण नाही. पीएफ मोडून मशीन घेऊ नका. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर आयकरही लागतो. तोवर साप्ताहिक सुट्टीला ओळखीच्या वीस गाड्या करा, प्रत्येक पायरीला स्टॉपवॉच लावा आणि आकडे वहीत लिहा. पावसाळ्याच्या तोंडावर नोकरी सोडू नका. जून-जुलैत पॉलिशचं काम आटतं, कुबट वासाच्या आणि बुरशी धरलेल्या सीटच्या गाड्या तेवढ्या येतात, आणि त्या वाळवायला पंखा-ब्लोअर लावून दोन दिवस जातात. नोटीस पिरियड धरून ऑगस्टअखेर मोकळे झालात तर गणपतीत शेड, पाणी आणि वायरिंग पुरं होतं, आणि दसऱ्याच्या आधीचे आठवडे, म्हणजे वर्षातले सगळ्यात भरलेले, पूर्ण हाती मिळतात.